परदेशी पासपोर्ट आणि निळी जर्सी

पर्थमध्ये जन्मलेले आणि बेंगळुरू एफसीकडून खेळणारे रायन विल्यम्स यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे नागरिकत्व स्वीकारले. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत फुटबॉल आणि नागरिकत्व यांविषयीचे प्रश्न वारंवार दिसतात. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे पेठांच्या संघांतून आफ्रिकेतले खेळाडू हंगामासाठी येतात आणि गाव त्यांना आपलेच मानते. असा खेळाडू पाच वर्षे भारतात राहिला की त्याला भारताकडून खेळता येते, असे शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितले जाते. हे खरे आहे काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कट्ट्यावरचा पाच वर्षांचा आकडा खरा आहे, पण तो फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमातला आहे आणि फिफाचा प्रश्न येतो तो दुसरा. पहिला प्रश्न त्या देशाच्या कायद्याचा असतो. नागरिकत्व कुणाला द्यायचे हे फिफा ठरवत नाही. ज्याला ते मिळाले आहे त्याचा त्या भूमीशी काही खरा संबंध आहे का, एवढेच ती पाहते.

हा संबंध चार प्रकारे सिद्ध होतो. खेळाडू त्या देशात जन्मलेला असावा, त्याची आई किंवा वडील तेथे जन्मलेले असावेत, आजी-आजोबांपैकी कुणी तेथे जन्मलेले असावे, किंवा तो स्वतः तेथे पुरेशी वर्षे राहिलेला असावा. दहाव्या वर्षाच्या आधी राहायला आलेल्या मुलाला तीन वर्षे पुरतात आणि त्यानंतर आलेल्याला पाच लागतात. या अटी कडक होण्यामागे एक प्रसंग आहे. २००४ मध्ये कतारने आयल्टन, देदे आणि लेआंद्रो या जर्मनीत खेळणाऱ्या तीन ब्राझिली खेळाडूंना नागरिकत्व देऊ केले होते, आणि त्यांच्यापैकी एकाचाही कतारशी कसलाच संबंध नव्हता. फिफाने तातडीने स्पष्ट संबंधाची अट घातली. तेव्हा वास्तव्याची मुदत दोन वर्षांची होती, ती २००८ मध्ये सिडनीच्या अधिवेशनात पाच वर्षांवर नेण्यात आली.

आता भारताचा कायदा पाहू. भारतीय वंशाचा नसलेल्या परदेशी माणसाला वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व हवे असेल, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे त्याने येथे काढलेली असावी लागतात. ऐन विशीत आलेला खेळाडू ही अट पूर्ण करेपर्यंत बत्तिशी ओलांडतो. शिवाय हंगाम संपला की मायदेशी परतणाऱ्याच्या वास्तव्याची बेरीज इतकी होतच नाही. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांची विशेष सेवा करणाऱ्याला या अटींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण या यादीत खेळाचे नाव नाही. म्हणून आपल्या पेठेचा लाडका आघाडीपटू भारताच्या निळ्या जर्सीत दिसण्याची शक्यता, मनाला कितीही रुखरुख लागली तरी, जवळजवळ नाहीच.

प्रश्न : रायन विल्यम्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून सामना खेळलेला आहे. मग ते भारताकडून कसे खेळू शकतात? आणि भारतीय वंशाच्या माणसाला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळते, तर जन्मदेशाचे नागरिकत्व सोडायला लावण्याची गरज काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण गैरसमज तेथेच अधिक आहे. ओसीआय कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-जाता येते, राहता येते, शिकता येते, पण मतदान करता येत नाही आणि भारताचा पासपोर्टही मिळत नाही. फिफाला हवे असते कायमचे, वास्तव्यावर अवलंबून नसलेले राष्ट्रीयत्व, आणि सामन्याआधी अधिकारी तपासतात तो पासपोर्ट. त्यातच भारत सरकारच्या क्रीडा खात्याने डिसेंबर २००८ पासून असे धोरण ठेवले आहे की, राष्ट्रीय संघात केवळ भारतीय नागरिकांनाच स्थान मिळेल. दुहेरी नागरिकत्व आपल्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाला आणि नागरिकत्व कायद्याला मान्य नाही. म्हणून एक घ्यायचे तर दुसरे सोडावेच लागते.

पुणेकर वाचकांना याचे पहिले उदाहरण जवळचे वाटेल. अराता इझुमी जपानमध्ये जन्मले, त्यांची आई जपानी आणि वडील भारतीय. ते आधी कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून, मग मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि त्यानंतर पुणे एफसीकडून खेळले. बालेवाडीच्या मैदानावर त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला, त्यांना मधल्या फळीतले त्यांचे शांत, अचूक पास आठवत असतील. त्यांनी जपानचे नागरिकत्व सोडले, २०१२ मध्ये भारताचे स्वीकारले आणि २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध ते भारताकडून पहिल्यांदा खेळले. परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय फुटबॉल संघात आलेले ते पहिले खेळाडू. त्यानंतर विल्यम्स यांच्यापर्यंत बारा-तेरा वर्षे गेली.

आता आपला पहिला प्रश्न. विल्यम्स यांनी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला वरिष्ठ सामना मैत्रीपूर्ण होता, आणि मैत्रीपूर्ण सामना खेळाडूला एका देशाशी बांधत नाही. बांधतो तो अधिकृत स्पर्धेतला, म्हणजे विश्वचषक, खंडीय स्पर्धा किंवा त्यांची पात्रता फेरी यांतला वरिष्ठ संघाचा सामना. दिएगो कोस्ता यांनी २०१३ च्या मार्च महिन्यात ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळले होते आणि २०१४ च्या विश्वचषकात ते, तेही ब्राझीलमध्येच, स्पेनच्या जर्सीत उतरले, ते याच नियमामुळे. त्याआधीच्या काळात तर एवढेही बंधन नव्हते. हंगेरीकडून ८५ सामन्यांत ८४ गोल करणारे फेरेन्क पुश्काश १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून खेळले. १९५८ मध्ये ब्राझीलबरोबर जगज्जेते झालेले जोझे अल्ताफिनी त्याच १९६२ च्या स्पर्धेत इटलीच्या संघात होते. ही मोकळीक नंतर बंद झाली. २०२० मध्ये फिफाने हे बंधन किंचित सैल केले. खेळाडूकडे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आधीपासून असेल, वरिष्ठ संघाकडून त्याने तीनपेक्षा अधिक सामने खेळलेले नसतील, ते सारे एकविसाव्या वर्षापूर्वीचे असतील, त्यांत विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातला एकही नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षे उलटली असतील, तर त्याला देश बदलता येतो.

विल्यम्स यांची बाजू भक्कम आहे, कारण त्यांच्या आईचा जन्म मुंबईतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबातला आहे आणि त्यांचे आजोबा लिंकन ग्रोस्टेट हे १९५० च्या दशकात संतोष करंडक या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले होते. तरीही कागद पूर्ण होईपर्यंत त्यांनाही थांबावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बांगलादेशविरुद्धच्या सामन्यासाठी ते संघाबरोबर ढाक्याला गेले, पण ऑस्ट्रेलियाच्या महासंघाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फिफाची मंजुरी वेळेत हाती न आल्याने सामन्याच्या यादीत त्यांचे नाव येऊ शकले नाही. तो सामना भारत ०-१ असा हरला.

अशा खेळाडूंचा उल्लेख काही जण ‘आयात केलेला’ असा करतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. आपल्यापैकी बहुतेकांना नागरिकत्व जन्मानेच मिळाले, त्यासाठी काही सोडावे लागले नाही. इझुमी आणि विल्यम्स यांनी जन्मभूमीचा पासपोर्ट परत केला, आणि खेळण्याची चार-सहा वर्षे संपल्यावरही तो निर्णय त्यांच्या सोबत राहणार आहे. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा अधिकार कुणाला आहे, असे मला वाटत नाही.

प्रश्न : दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळेच भारताचा फुटबॉल मागे राहिला, असे अनेकजण लिहितात. आजोबांच्या आधारे खेळाडू आणून इंडोनेशिया आणि मलेशिया पुढे गेले, हे उदाहरणही देतात. आपले मत काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या युक्तिवादातला इंडोनेशियाचा दाखला उलटा आहे. प्रौढ व्यक्तीला दुहेरी नागरिकत्व इंडोनेशियाही देत नाही. नेदरलँड्समध्ये जन्मलेले, पण आजी-आजोबा इंडोनेशियातले असलेले खेळाडू डच नागरिकत्व सोडूनच त्या संघात आले, आणि त्या संघाने २०२६ च्या विश्वचषकासाठीच्या आशियाई पात्रता स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत मजल मारली. फरक आहे तो वेगाचा. राष्ट्रहिताच्या कारणास्तव संसदेच्या संमतीने लवकर नागरिकत्व देण्याची तरतूद त्यांच्या २००६ च्या कायद्यात आहे. आपल्याकडे पाच वर्षे ओसीआय कार्ड असलेल्या व्यक्तीला अर्जाआधी बारा महिने भारतात राहावे लागते. ज्याची आई किंवा वडील स्वतंत्र भारताचे नागरिक होते, त्यालाही बारा महिन्यांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. ही अट मला जाचक वाटत नाही. जो खेळाडू वर्षभर येथे राहील, येथल्या क्लबकडून खेळेल, येथल्या उन्हात सराव करेल, त्याची सहकाऱ्यांशी ओळख आधीच झालेली असेल. उणीव आहे ती अशी मुले सोळा-सतरा वर्षांची असताना त्यांच्यापर्यंत पोहोचून त्यांना ही वाट समजावून सांगण्याची.

मलेशियाचे उदाहरण मात्र अनुकरणासाठी कुणी देऊ नये. जून २०२५ मध्ये मलेशियाने आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात व्हिएतनामला ४-० असे हरवले. त्या संघातल्या परदेशात जन्मलेल्या सात खेळाडूंचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे दाखले फिफाकडे दिले गेले होते. फिफाने मूळ नोंदी मिळवल्या, तेव्हा ते जन्म अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स आणि स्पेन येथले निघाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये फिफाच्या शिस्तपालन समितीने मलेशियाच्या महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला, सातही खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली, आणि अपील समितीनेही तो निर्णय कायम ठेवला. याआधी पूर्व तिमोरने ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बारा खेळाडूंची नोंदणी बनावट दाखल्यांवर केली होती, आणि त्याची शिक्षा म्हणून त्या देशाला २०२३ च्या आशियाई चषकातून वगळण्यात आले.

प्रश्न : माझ्या मुलाने आणि सुनेने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आणि ते इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतात. नातू तेथेच जन्मला, आता चौदा वर्षांचा आहे आणि फुटबॉल उत्तम खेळतो. आम्ही सारे गोव्याचे. त्याला भारताकडून खेळता येईल का?
– एक आजोबा, म्हापसा

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखे कर्णधार देशाला देणाऱ्या गोव्यातल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न असणार. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते, आणि रोजगारासाठी हजारो कुटुंबांनी तो मार्ग घेतला. त्यात चूक काही नाही. पण दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते, आणि त्या पासपोर्टवर वाढणाऱ्या आपल्या नातवाला आज भारताच्या कुमार संघातही घेता येणार नाही.

पुढचा मार्ग मात्र बंद नाही. त्याचे आईवडील भारतात जन्मलेले असल्यामुळे फिफाची संबंधाची अट पूर्ण होते. ते पूर्वी भारतीय नागरिक होते, म्हणून अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आणि बारा महिने भारतात राहिल्यावर त्याला अर्ज करता येईल. ओसीआय कार्ड नसेल तर ते आताच काढावे, कारण त्यामुळे भारतात येऊन राहणे, शिकणे सोपे होईल. दरम्यान पोर्तुगाल किंवा पासपोर्ट असल्यास इंग्लंड यांच्या कुमार संघाकडून बोलावणे आले, तर आनंदाने जाऊ द्यावे. एकविसाव्या वर्षापूर्वीचे कुमार गटाचे सामने त्याला कायमचे बांधत नाहीत. दोन गोष्टी मात्र त्याला आणि त्याच्या आईवडिलांना नीट समजावून सांगाव्यात. एकविसाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशाच्या कोणत्याही संघाकडून अधिकृत सामना खेळला, किंवा त्याआधीही अधिकृत स्पर्धेत वरिष्ठ संघाकडून एकदा उतरला, तर भारताचा दरवाजा बहुधा कायमचा मिटेल. तीन सामन्यांची २०२० ची सवलत दुसरे नागरिकत्व आधीपासून असलेल्यालाच आहे, आणि त्याच्याकडे भारताचे तेव्हा नसेल. आणि निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्यावा, कारण परत करायचा पासपोर्ट त्याचा असेल.

कागदपत्रांचे काम तेवढे आपण हाती घ्यावे. मुलाचा आणि सुनेचा गोव्यातला जन्मदाखला, त्यांचे जुने भारतीय पासपोर्ट आणि ते परत केल्याची प्रमाणपत्रे, आणि आपली व आपल्या पत्नीची जन्मनोंद, यांच्या साक्षांकित प्रती आजच काढून ठेवाव्यात. नावांच्या स्पेलिंगमध्ये पोर्तुगीज आणि भारतीय कागदांत फरक असेल, तर तो आपण हयात असताना, आपल्या प्रतिज्ञापत्रावर दुरुस्त करून घेणे सर्वांत सोपे जाईल.