वाचक विचारतात : ‘स्टेजकोच’मधला तो दारुडा डॉक्टर

प्रश्न : जुने हॉलिवूड सिनेमे बघायचा नाद नुकताच लागलाय. ‘स्टेजकोच’मधला दारुडा डॉक्टर आणि ‘गॉन विथ द विंड’मधले स्कार्लेटचे वडील हा एकच माणूस ना? घरात कुणी मानायलाच तयार नाही. आणि इतका चांगला नट हिरो का नाही झाला?

उत्तर : एकच माणूस आहे, घरच्यांना बिनधास्त सांगा. थॉमस मिचेल. आणि त्यांना हेही सांगा की हे दोन्ही सिनेमे एकाच वर्षातले, 1939 चे, आणि त्याच वर्षी हा माणूस आणखी तीन मोठ्या सिनेमांत आहे. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये तो वार्ताहर आहे, ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मध्ये नजर अधू होत चाललेला पायलट आणि ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मध्ये पॅरिसच्या भिकाऱ्यांचा राजा. फोर्ड, कॅप्रा, हॉक्स असे एकापेक्षा एक तगडे दिग्दर्शक, वेगवेगळ्या कंपन्या, आणि पाचही ठिकाणी माणूस वेगळा वाटतो. घरच्यांना ओळखू आला नाही यात त्यांचा काही दोष नाही, ही मिचेलचीच कमाल.

आता तुमच्या डॉक्टरबद्दल, कारण माझाही तो फार लाडका आहे. डॉक बूनला गावातल्या सभ्य बायकांनी हाकलून दिलंय, बग्गीत बसल्या बसल्या तो शेजारच्या व्हिस्की विक्रेत्याच्या सॅम्पलच्या बाटल्या एकेक करून रिकाम्या करतो, आपण हसत असतो आणि मग अचानक बाळंतपणाची वेळ येते तेव्हा हाच माणूस कपामागून कप काळी कॉफी पोटात ढकलून शुद्धीवर यायला धडपडतो. पण पुन्हा बघाल तेव्हा शेवटाकडचा सलूनमधला सीन नीट बघा. खलनायक ल्यूक प्लमर शॉटगन घेऊन बाहेर पडतोय आणि डॉक त्याच्यासमोर उभा राहून ती मागतो, आवाज चढवत नाही, हातवारे नाहीत, नुसता उभा राहतो. ल्यूक बंदूक सोडतो आणि त्यानंतर डॉक ग्लास तोंडाला लावतो तेव्हा आपल्याला कळतं की हा आतून किती टरकला होता. हिरो जॉन वेन असलेल्या सिनेमात एवढी जागा मिळवणं सोपं नव्हतं.

या भूमिकेसाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, आणि समोर कोण होतं तर ‘मिस्टर स्मिथ’मधलेच त्याचे दोन सहकलाकार, क्लॉड रेन्स आणि हॅरी केरी!

हिरो का नाही, तर मला विचाराल तर वयाचा भाग मोठा. जन्म 1892 चा, सिनेमात नियमित कामं सुरू झाली 1936 मध्ये, म्हणजे चाळिशी केव्हाच उलटलेली. त्याआधी पेपरात बातमीदारी, मग नट चार्ल्स कोबर्नच्या शेक्सपिअर नाटकं करणाऱ्या मंडळीत उमेदवारी, मग ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, तिथे नाटकं लिहिणं आणि बसवणंसुद्धा. दुसरं म्हणजे स्टुडिओ हिरोचा एक ठरलेला चेहरा विकायचे आणि कथा त्याच्या मापाने बेतायचे, चरित्र अभिनेत्याला मात्र भूमिका बघून बोलावणं यायचं. त्यामुळे मिचेलला आज डॉक्टर, उद्या भिकारी असं करता आलं. मला तर हे हिरो होण्यापेक्षा जास्त समाधानाचं काम वाटतं.

प्रश्न : सहाय्यक भूमिकेच्या ऑस्करला पूर्वी बाहुली द्यायचे नाहीत असं ऐकलं, खरं का? आणि स्टुडिओच्या करारात हे लोक अडकलेले असायचे का?

उत्तर : खरं आहे. सहाय्यक नटांचं बक्षीस सुरूच मुळी 1936 च्या सिनेमांपासून झालं, पहिलं वॉल्टर ब्रेननला, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना पूर्ण पुतळा न देता छोटी पाटी द्यायचे. मिचेललाही पाटीच मिळाली. त्याच रात्री हॅटी मॅकडॅनियलला ‘गॉन विथ द विंड’साठी मिळाली, ऑस्कर जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि तिला बाकीच्या टीमपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं, हे वाचलं की आजही संताप येतो. पूर्ण पुतळा मिळायला लागला 1944 च्या समारंभापासून आणि सहाय्यक नटांमध्ये तो पहिल्यांदा घेतला कुणी, तर वर ज्याचं नाव आलं त्याच चार्ल्स कोबर्नने.

कराराचं म्हणाल तर साधारण सात वर्षांचा असायचा, पण मधे मधे करार पुढे चालू ठेवायचा की माणसाला घरी पाठवायचं हे स्टुडिओ ठरवणार, नट नाही. भूमिका नाकारली की सस्पेंड, पगार बंद, आणि ते दिवस कराराच्या शेवटी जोडायचे, म्हणजे सुटका आणखी लांब. दुसऱ्या स्टुडिओला नट उसना द्यायचा आणि वरचे पैसे स्वतः ठेवायचे हाही प्रकार होता. यावर ऑलिव्हिया डी हॅविलंड कोर्टात गेली आणि 1944 मध्ये जिंकली, सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, सस्पेंशनचे दिवस वर जोडायचे नाहीत, असा निकाल लागला. ती मोठी स्टार होती, पण फायदा छोट्या नटांनाही झाला आणि त्याबद्दल तिचं जितकं कौतुक करावं तितकं कमीच.

प्रश्न : ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधले अंकल बिली पण हेच का? पुढे काय केलं त्यांनी?

उत्तर : हो, हेच! आठवण राहावी म्हणून बोटांना दोरे बांधणारा आणि तरीही 8000 डॉलर वर्तमानपत्रात गुंडाळून नेमके दुष्ट सावकार पॉटरच्या हातात देणारा बिली. तो टेबलावर डोकं टेकून रडत असतो आणि पाळलेली खार त्याच्या हातावर चढते, तेवढ्या एका सीनसाठी मी तो 1946 चा सिनेमा पुन्हा लावते.

पुढे ‘हाय नून’मध्ये मेयर झाला, गोड बोलून हिरो गॅरी कूपरला एकटं पाडणारा. 1953 मध्ये तर टीव्हीचा एमी पुरस्कार आणि ‘हेझल फ्लॅग’ या संगीत नाटकासाठी रंगभूमीचा टोनी, दोन्ही त्याच वर्षी. ऑस्कर, एमी, टोनी तिन्ही मिळवणारा तो पहिला पुरुष कलाकार. आणि टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कोलंबो माहीत असेल ना, चुरगळलेला रेनकोटवाला? पीटर फॉकने तो करायच्या काही वर्षं आधी, 1962 मध्ये, ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ या दौऱ्यावरच्या नाटकात मिचेलने कोलंबो केला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला, सत्तरीत.