रंगीत चित्र येतंच, ते बरोबर आहे का ते विचारा

प्रश्न : मुलगी केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी इलेक्ट्रोडमधलं पोटेन्शियल आणि करंट कॉम्प्युटरवर काढते, रात्री उशिरापर्यंत रंगीत चित्रं बघत बसते. सीजीपीए ८.१ वरून ७.४ वर आला. आता यातच करिअर करायचं म्हणते. कॉमसोल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या तीन महिन्यांच्या क्लासची फी ६० हजार आहे, प्लेसमेंटची हमी देतात. हा क्लास कर, नाहीतर गुपचूप आयटीत जा, असं मी तिला बजावलंय. तिचा चुलतभाऊ हिंजवडीत चांगला सेटल झालाय. फी भरू का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : फी भरू नका.

७.४ ची मला फारशी चिंता नाही. पत्रात फीचा आकडा आहे, चुलतभाऊ आहे, पण मुलगी नेमकं काय काढतेय आणि कुठे अडलीय, याबद्दल एक ओळ नाही. तिला विचारलंत का कधी? ‘हा क्लास, नाहीतर आयटी’ याला पर्याय देणं म्हणत नाहीत, ही दमदाटी झाली. कॅम्पस प्लेसमेंटच्या तोंडावर घरची दमदाटी असली की मुलं दारात येईल ती पहिली नोकरी धरतात, केवळ घरातली कटकट थांबावी म्हणून.

आता तुमचा मोठा गैरसमज : सॉफ्टवेअर आलं म्हणजे काम आलं. कॉमसोल चुकीच्या आकड्यांवरही तितकंच देखणं चित्र काढून देतं. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) २५ अंशांना १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १.२९ सीमेन्स प्रति मीटर. घाईत ‘सीमेन्स प्रति मीटर’च्या रकान्यात १२.८८ टाकलं, तर व्होल्टेज ठरवून दिलेल्या साध्या मॉडेलमध्ये पोटेन्शियलचं चित्र तसूभरही बदलत नाही. करंट मात्र दहापट येतो. दुसरा सापळा इलेक्ट्रोडच्या कडेचा. फक्त द्रावणाचा रोध धरला आणि इलेक्ट्रोडच्याच रेषेत पुढे इन्शुलेटर असला, की कडेला करंट डेन्सिटी (दर चौरस सेंटिमीटरमागचा करंट) सैद्धांतिकदृष्ट्या अनंत होते. मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेली जाळी, जितका बारीक, तितका तिथला आकडा वाढणार. मुलं लॅपटॉप हँग होईपर्यंत मेश बारीक करत राहतात. खरं तर तिथे बटलर-व्होल्मर समीकरणाने इलेक्ट्रोडवरच्या अभिक्रियेचा वेग घालायचा असतो, मग आकडा आवाक्यात येतो. हे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतून कळतं, मेनूतून नाही.

त्यापेक्षा तिला एक फुकटची परीक्षा द्या. दोन समांतर पट्ट्या, अंतर १ सेंमी, क्षेत्रफळ १० चौरस सेंमी, मध्ये वरचंच द्रावण, बाजू इन्शुलेटरच्या. हातानं रोध ७.७६ ओहम येतो. १० मिलिअँपिअरला सुमारे ७८ मिलिव्होल्ट. हेच एक्सेलमध्ये करावं. दोन टोकांच्या ओळींत ० आणि ०.०७८ व्होल्ट, मधला प्रत्येक सेल शेजारच्या चार सेलची सरासरी, इन्शुलेटरच्या भिंतीला बाहेरच्या शेजाऱ्याऐवजी आतलाच दोनदा. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (तोच हिशेब फेऱ्याफेऱ्यांनी पुन्हा करणं) सुरू करावं लागतं आणि फसतं ते इथेच : एक्सेल मुळात १०० फेऱ्यांनंतर किंवा बदल ०.००१ च्या खाली गेला की थांबतं. व्होल्टमध्ये ०.००१ म्हणजे १ मिलिव्होल्ट, एकूण ७८ मधला! फेऱ्या वाढवा, ती मर्यादा खूप खाली आणा. मग एक पट्टी अर्धी करून कडेला करंट कसा गोळा होतो ते बघू दे.

हे जमलं, तर बॅटरीसाठी पायबॅम, बाकीच्यासाठी फेनिक्स, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.साठी पवईची आयआयटी किंवा माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) हा रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच. खास इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची सरकारी संस्था तमिळनाडूत कारैकुडीला आहे. बॅटरी, प्लेटिंग, पाइपलाइनचं गंजणं, सगळीकडे हेच गणित लागतं. आणि हे करून कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आयटी कुठे पळून जात नाही.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. त्यात एवढं हवं : ग्राउंड (शून्य व्होल्टची जागा) कुठे दिला, मेश निम्मा केल्यावर एकूण करंट किती बदलला, आणि एका इलेक्ट्रोडमधून आत गेलेला करंट दुसऱ्यातून तेवढाच बाहेर आला का.