विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ इतका अर्धवट का वाटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कंट्री संगीतातला सर्वोत्तम अल्बम म्हणून कुणीतरी गायक-गीतकार विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ऐकायला सांगितला, तुम्ही तो ऐकला, आणि एक गिटार, एक नाकातला आवाज, अधूनमधून पियानो, एवढंच हाती लागलं. तालमीचं रेकॉर्डिंग वाटलं. मग यात थोर काय?

आधी दिलासा देतो. १९७५ साली ही टेप कोलंबिया रेकॉर्ड्सच्या साहेबांनी ऐकली तेव्हा त्यांचंही मत असंच पडलं होतं. हा डेमो झाला, खरं रेकॉर्डिंग कुठाय? नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या राजधानीतले त्यांचे बडे निर्माते बिली शेरिल यांनी ‘हे त्यानं घरच्या दिवाणखान्यात बसून केलंय का?’ अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, ही गोष्ट कंट्रीवाले आजही चवीनं सांगतात.

आणि मीही तुमच्यातलाच. नोकरीनिमित्त डॅलसजवळ अर्व्हिंगला सहा वर्षं होतो. ऑफिसातल्या एका वयस्कर टेक्सन सहकाऱ्यानं मला ही सीडी दिली. मी गाडीत दोनदा वाजवली, फोन आले, टोलनाका आला, आणि आठवड्यानं ‘छान आहे’ म्हणून परत केली. त्यानं शांतपणे विचारलं, ‘गोष्टीत माणसं किती मरतात?’ मला सांगता येईना. त्यानं सीडी परत माझ्या हातात ठेवली.

तर उत्तराची सुरुवात तिथून. ही सुटी गाणी नाहीत, एक कथा आहे. साल १९०१. एक धर्मोपदेशक. बायको जुन्या प्रियकराकडे निघून जाते. हा माग काढत एका खानावळीत पोचतो आणि दोघांना गोळ्या घालतो. मग काळ्या घोड्यावर स्वार होऊन, बायकोचं तांबडं तट्टू बरोबर घेऊन गावोगाव भटकत राहतो. पिवळ्या केसांच्या एका बाईचा त्या तट्टूवर डोळा असतो. ती त्याला हात लावते, आणि मरते. घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून फाशी देता येत नाही, असं म्हणून त्याला सोडून दिलं जातं. झाली तीन माणसं. (हा भाग आज ऐकताना मला अवघडायला होतं. गाणं त्या बाईची बाजू एका शब्दानंही घेत नाही. जुनी पोवाडेवजा गाणी अशीच असतात म्हणून सोडून द्यावं, असं काही मला वाटत नाही.) रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तो डेन्व्हरला पोचतो, नाच होतो, कुणीतरी भेटतं आणि माणूस हळूहळू माणसात येतो.

आता ही कथा सांगायची कशी? विलीनं कीर्तनकारासारखी सांगितली आहे. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे पहिलं गाणं ध्रुपदासारखं पुन्हा पुन्हा येतं. कधी दोन ओळी, कधी नुसती चाल. मधे दुसऱ्यांची जुनी गाणी आख्यानातल्या पदांसारखी पेरलेली. ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझ यांचं, रॉय एकफनं १९४७ मध्ये गायलेलं. तोवर ते एक साधं विरहगीत होतं. इथे ते पहिल्या दोन खुनांच्या नंतर येतं, बायकोला स्वतःच मारलेल्या माणसाच्या तोंडी, आणि एकदम अंगावर येतं. शीर्षकगीतही विलीचं नाही. एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टुट्झ या व्हर्जिनियातल्या जोडीनं ते लिहिलं. विली १९५० च्या दशकात फोर्ट वर्थला रेडिओवर निवेदक होता तेव्हा लहान मुलांसाठी ते लावायचा, पुढे स्वतःच्या पोरांना झोपवताना म्हणायचा. (अंगाईत खून! असो.) कोलोरॅडोहून ऑस्टिनला गाडीनं परत येताना त्याची तेव्हाची बायको कॉनी म्हणाली, याच गाण्याचा अल्बम कर ना. वाटेतच मांडणी जुळत गेली.

पण ‘रिकामं का’ हे समजायला त्याच्या आधीची दहा-बारा वर्षं बघावी लागतात. नॅशव्हिलमध्ये विली गीतकार म्हणून मोठा होता. १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइननं गायलेलं ‘क्रेझी’ त्याचंच. गायक म्हणून मात्र त्याचं कुणाला काही जमेना. तो तालाच्या किंचित मागे-पुढे गातो, ओळ उशिरा उचलतो आणि समेवर बरोबर येऊन पडतो. आपल्याकडे याला लयीशी खेळणं म्हणून दाद मिळाली असती. तिथे आरसीए कंपनीत चेट अॅटकिन्स यांच्या देखरेखीखाली त्याच्या गाण्यांवर व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस चढवले गेले. ते नॅशव्हिलचं चलनी नाणंच होतं तेव्हा. त्या काळचे त्याचे अल्बम जरूर ऐका. वाईट नाहीत, पण शालू नेसवलेल्या शेतकऱ्यासारखे वाटतात.

शेवटी तो वैतागून टेक्ससला परतला. ऑस्टिनला केस वाढवलेली पोरं आणि टोपीवाले काऊबॉय एकाच सभागृहात त्याला ऐकायला येऊ लागले. अटलांटिक कंपनीसाठी दोन अल्बम झाले, तेवढ्यात त्या कंपनीनं आपला नॅशव्हिलचा कंट्री विभागच बंद केला. मग कोलंबियाशी करार झाला, आणि त्यात एक कलम होतं: अल्बममध्ये काय असेल हे विली ठरवेल, कंपनी नाही. हे कलम नसतं तर आज आपण या विषयावर बोलत नसतो.

रेकॉर्डिंग जानेवारी १९७५ मध्ये, डॅलसच्या शेजारी गार्लंड गावात, ऑटम साउंड या नव्या स्टुडिओत. तंत्रज्ञ फिल यॉर्क. वाजवणारे रोजचेच: बहीण बॉबी पियानोवर, पॉल इंग्लिश ड्रमवर, बी स्पिअर्स बेसवर, मिकी राफेल हार्मोनिकावर. दोन-चार दिवसांत काम आटोपलं आणि खर्च आला सुमारे ४,००० डॉलर. यॉर्कनं मिक्स करताना सवयीप्रमाणे इक्वलायझर लावून आवाज जरा उजळवला, तर विलीनं ते काढायला लावलं. म्हणजे तुम्हाला जो कोरडेपणा जाणवला तो हलगर्जीपणा नाही, सांगून ठेवलेला आहे. ड्रम बहुतेक वेळ आहेत की नाहीत तेच कळत नाही. पॉल इंग्लिशसारखा वादक हात आवरून बसलाय हे लक्षात घेतलं की गंमत येते.

‘ब्लू आइज’मधला गिटारचा तुकडा हेडफोनवर ऐका. ती ‘ट्रिगर’, मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार, म्हणजे मुळात बोटांनी वाजवायचं क्लासिकल वाद्य. विली ती प्लेक्ट्रमनं, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पातीनं, वाजवतो, त्यामुळे घासून घासून लाकडाला भलंमोठं भोक पडलंय. तुकड्यात करामत काहीच नाही. जवळजवळ मूळ चालच, पण स्वर सोडताना तो जो थांबतो, तिथे दुसरं एखादं वाद्य असतं तर ते थांबणं बुडून गेलं असतं.

टेप न्यूयॉर्कला गेली तेव्हा विलीचा मित्र, कंट्री गायक वेलन जेनिंग्जही तिथे होता. कोलंबियाचे ब्रूस लंडव्हल म्हणाले, नॅशव्हिलला पाठवून यावर थोडं काम करून घेऊ. वेलन खवळला, तुला कान आहेत की नाहीत असं तोंडावर म्हणाला. अल्बम गाजल्यावर लंडव्हलनी आपल्याला एक गोल्ड रेकॉर्ड पाठवली, ‘तुझंच बरोबर होतं’ अशी कबुली देऊन, असं वेलन सांगायचा.

गाजला म्हणजे किती? मे १९७५ मध्ये अल्बम आला, कंट्री अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘ब्लू आइज’ हे गायक म्हणून विलीचं पहिलं क्रमांक एकचं कंट्री गाणं. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. त्यावर ग्रॅमी मिळालं, पॉपच्या यादीतही ते २१ पर्यंत पोचलं. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत अल्बमचा समावेश केला. सगळ्यांनी मात्र डोक्यावर घेतला नाही. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या नावाजलेल्या समीक्षकाला सुटे तुकडे बरे वाटले, पण कथेत गुंफल्यानं त्यांचं नुकसानच झालं असं त्यानं लिहिलं. मला हे अगदीच चुकीचं वाटत नाही. दुसऱ्या बाजूची कथा खरोखरच ढिली आहे. सूड जितका नेमका सांगितलाय तितकं सावरणं सांगितलेलं नाही, वाद्यसंगीताच्या तुकड्यांवर भागवलंय.

तर आता असं करा. शफल बंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं, रात्री, गाडी न चालवता. अर्ध्या तासाचाच मामला आहे. तरीही नाहीच पटलं तर १९७८ चा ‘स्टारडस्ट’ लावून बघा. तोच आवाज, पण जुनी लोकप्रिय अमेरिकन गाणी, बुकर टी. जोन्सची निर्मिती आणि ऑर्गनची ऊब. माझ्या बायकोला तो आवडतो, आणि हा अल्बम लावला की ती अजूनही विचारते, ‘सुरू कधी होणार?’