मित्राला पत्र लिहिताना मायना काय लिहायचा? 'स. न. वि. वि.' चालेल का?

'प्रिय' आणि पुढे नाव, त्याखाली 'सप्रेम नमस्कार' एवढं लिहा. 'स. न. वि. वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. बरोबरीच्या माणसाला हा मायना चुकीचा नाही, पण त्यातल्या 'विनंती'मुळे जिवलग मित्राच्या पत्रात उगाच अंतर येतं. 'शि. सा. न.' मात्र अजिबात नको. ते शिरसाष्टांग नमस्कार, आई-वडील आणि गुरुजनांसाठी.

मी शाळेत मराठी शिकवते. वह्या तपासताना मायन्यापेक्षा मजकूरच जास्त फसलेला दिसतो. 'तू कसा आहेस? मी मजेत आहे' यावर चार ओळी जातात आणि पत्राचं कारण शेवटी घाईत उरकलं जातं. पहिल्या दोन वाक्यांत कारण सांगा, मग एक तरी गोष्ट अशी लिहा जी फक्त त्या मित्रालाच लागू पडेल. 'तुझ्या यशाबद्दल अभिनंदन' हे कुणालाही लिहिता येतं. 'पावसातही तू सरावाला जायचास, त्याचं चीज झालं' हे त्याचंच. अख्खं पत्र 'तू'मध्ये ठेवा, मध्येच 'आपण', 'आपले' नको. शेवटी 'घरी सर्वांना नमस्कार सांग' आणि 'तुझा मित्र' किंवा 'तुझी मैत्रीण'. 'आपला विश्वासू' अर्जापुरतं ठेवा.

दहावीच्या कृतिपत्रिकेसाठी लिहीत असाल तर मांडणी ई-मेलसारखी हवी: सगळं डावीकडे, वर दिनांक, पत्ता शेवटी नावाखाली. टपालाने खरंच पाठवणार असाल तर जुन्या पद्धतीने पत्ता आणि तारीख वर उजवीकडे लिहिलीत तरी चालेल.