घाटात गाडी दम टाकते, ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

पसरणी घाटात तुमची पेट्रोल गाडी ओढत नाही, चेक लाइट लागतो, स्कॅनरवर पी 0171 (लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड येतो आणि साताऱ्यातला मेकॅनिक सेन्सर बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून बदलू नका.

हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू कार्बोरेटरबरोबरच गेला. आता हवा किती आत आली ते ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) मोजतो, तेवढ्या वेळ इंजेक्टर उघडतो आणि ऑक्सिजन सेन्सरवरून ताळा करतो. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवेमागे 1 भाग इंधन. ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) हवा साधारण 13.5 भाग. पी 0171 चा अर्थ एवढाच, की सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय. तो साक्षीदार आहे, आरोपी नव्हे. गरम इंजिनवर त्याचे व्होल्ट 0.1 ते 0.9 भराभर वरखाली होत असतील, तर बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो.

सांगलीतल्या एका हॅचबॅकचे दोन सेन्सर असेच फुकट गेले. कोड लीनचा, लाँग टर्म ट्रिम (ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेली टिकाऊ वाढ-घट) अधिक 22 टक्के, आणि प्लग मात्र काजळीने काळे! पेट्रोल खरंच कमी पडत असतं तर प्लग पांढुरके निघाले असते. दोष होता एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये. धुराच्या दोन धक्क्यांमध्ये दाब घटतो, फटीतून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सर ‘पातळ’ सांगतो आणि ईसीएम बिचारा पेट्रोल वाढवत राहतो. ॲव्हरेज तिथेच जातं. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक यायची, गरम झाल्यावर धातू फुगून ती बंद व्हायची. म्हणून दुपारी आणलेल्या गाडीत ती कुणाला ऐकूच आली नाही. पॅकिंग नवं टाकलं, नट मधून कडेकडे टॉर्कने आवळले, जुने ट्रिम पुसले. ट्रिम अधिक 4 वर आला.

तुम्ही सकाळी, थंड गाडीवर ही टिकटिक तपासा. मग ट्रिम आयडलला आणि 2500 आरपीएमला बघा. आयडलला जास्त आणि 2500 ला नॉर्मल, तर इनटेककडे हवेची गळती. लोड वाढेल तसा ट्रिम वाढतो, तर पंपाचं प्रेशर, फिल्टर, इंजेक्टर. तुमचा त्रास चढावर आहे, म्हणून मी आधी प्रेशर गेज लावेन. स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा न बघता पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज बांधणं. याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

आयडलची ही खूण मॅफ सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीची. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असेल तर गळतीची हवाही मोजली जाते, ट्रिम फारसा हलत नाही, नुसतं आयडलिंग चढतं. ई10 वरून ई20 वर आलात तर ट्रिम चारेक टक्के वर जाणारच. आणि महाबळेश्वरच्या उंचीवर साताऱ्यापेक्षा सहा-सात टक्के ताकद विरळ हवेनेच कमी होते, टर्बो नसेल तर.