कंपनीचं फाउंडेशन आमच्या तलावाला पैसे देतंय. गावात आधी कोणाकोणाला एकत्र बसवावं?

तुमचा प्रश्न असा: आटपाडी तालुक्यातलं गाव, एका कंपनीचं फाउंडेशन पाझर तलावातला गाळ काढायला आणि ओढा रुंद-खोल करायला पैसे देतंय, तर सगळ्यांची मोट कशी बांधायची आणि काम टिकायला काय करायचं. माझं उत्तर: पोकलेन गावात येण्याआधी पाणी कोण, किती आणि कशासाठी वापरणार हे लिहून सह्या घ्या. नंतर हे ठरत नाही. तलाव भरला की ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

आधी हिशोब मांडा. तलावाचं क्षेत्र 2 हेक्टर आणि सरासरी 1 मीटर गाळ निघाला, तर जागा वाढते 20 हजार घनमीटर, म्हणजे 2 कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो. पण पाटानं भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला जवळपास तेवढंच पाणी लागतं. तेच पाणी रब्बी ज्वारीला एक संरक्षित पाळी म्हणून दिलं, तर 75 मिलिमीटरच्या पाळीनं, बाष्पीभवन सोडून, 26 हेक्टरांना पुरतं. हे दोन आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहा. पिकांची चर्चा आपोआप सुरू होते.

बैठकीला विहीरवाले आणि डाळिंबवाले न बोलावता येतातच. राहून जातात ते बाकीचे. मेंढपाळ: ओढा खोल करताना काठ उभे कापले की मेंढरांना पाण्यापर्यंत उतरता येत नाही आणि मुरमाचे काठ पहिल्याच पावसात ढासळतात. मुरमात काठाला निदान एकास एक उतार द्या आणि जनावरांसाठी पसरट उतरण आराखड्यातच दाखवा. बायका: ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, पिण्याच्या विहिरीचं ठिकाण तिथे ठरवा. ओढ्याखालचं गाव: वर पाणी अडवलं की त्यांची पहिली तक्रार ठरलेली, म्हणून त्यांच्या सरपंचांना पहिल्याच बैठकीला बोलवा. भूमिहीनही सोडू नका. शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवरच्या बळीराजा स्मृती धरणात लोकांनी भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क धरला. आपल्या भागात हे होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. आणि गलाईसाठी (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी) परराज्यात असलेली मंडळी वर्गणी देतात, तर त्यांना हिशोबही महिन्याच्या महिन्याला पाठवा.

ग्रामसभेला कोरम लागतो: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. ठरावात गट नंबर, घनमीटर, गाळ कोणाला कोणत्या क्रमानं, आणि देखभाल कोणाकडे हे लिहा. ‘जलसंधारणाची कामे करणे’ एवढाच ठराव कुचकामी. तलाव ज्या खात्याचा, त्याची लेखी परवानगी घ्या. लहान पाझर तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात.

काम जिथे फसतं ती जागा म्हणजे बांधाचा पायथा. गाळ तिथे जाड आणि टिपर लावायला सोयीचा, म्हणून मशीनवाला तिथेच खोदतो. पाण्याकडच्या बाजूला बांधाच्या बुडाशी खणलं की पाया उघडा पडतो आणि भरल्यावर बांधाखालून पाझर सुटतो. अभियंत्याकडून चुन्याची रेषा मारून घ्या. तिच्या बांधाकडच्या बाजूला बकेट लागता कामा नये. ओढ्यात तीन मीटरच्या खाली जाऊ नका, कठीण खडक लागला की थांबा. वाळू उचलू द्यायची नाही. गाळाच्या नावाखाली वाळू गेली तर काम बंद पडतं आणि गावाचं नावही जातं.

मशीनचं बिल तासावर कधीच ठरवू नका. काम सुरू होण्याआधी दर 20–25 मीटरवर लेव्हल (तळाच्या उंचीचं माप) घ्या, संपल्यावर पुन्हा घ्या, फरकाच्या घनमीटरवर पैसे द्या. ते फाउंडेशननं थेट मशीनमालकाच्या खात्यात टाकावेत. कोणा पुढाऱ्याच्या खात्यातून फिरवू नयेत. गाळ वाहायचा खर्च शेतकऱ्याचा. एकरी 400 घनमीटर म्हणजे चार इंच थर, हलक्या रानाला तेवढा पुरे. गाळाचाच जाड थर दिला तर पावसात रान चिबडतं.

फाउंडेशन स्थानिक संस्थेमार्फत काम करणार असेल, तर त्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची) आणि 12ए, 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या तपासा. सगळ्यात जास्त अडतं धर्मादाय कार्यालयात: विश्वस्त बदलले, पण 90 दिवसांत बदल अर्ज दिला नाही, म्हणून बँकेत सह्या चालत नाहीत. कंपन्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, त्यामुळे पैसा बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईनं येतो. परवानग्या आणि लेव्हल डिसेंबरपर्यंत हातात ठेवा. मग एप्रिल-मे पूर्ण मिळतात आणि मृगाआधी मशीन बाहेर निघते. मंजुरी मागतानाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो, आणि दहा टक्के रक्कम दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या डागडुजीला राखता येते. देणगीदाराला हे पटवणं जड जातं, कारण त्याला उद्घाटनाचा फोटो लगेच हवा असतो. तरी हट्ट धरा.

सुरुवातीला सांगितलेल्या पाणीवापराच्या करारात एवढं तरी असू द्या: तलावात थेट मोटर नाही, पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर नाही, शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर नाही (कायद्यानंही ती चालत नाही), ऊस फक्त ठिबकवर आणि तोही ठरल्या क्षेत्रातच. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तुमच्या तलावात सोडलं जात असेल, तर त्याची पाणीपट्टी कोण आणि कशाच्या प्रमाणात भरणार हेही त्याच कागदावर घ्या. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तलावाची पातळी आणि दहा ठरावीक विहिरींचं पाणी टेपनं मोजा, आकडे चावडीवर लावा आणि त्यावरूनच रब्बीचं क्षेत्र ठरवा.