चार्जर, बॅटरी आणि नियमांची बारीक अक्षरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे, फोनलाही आहे. तरी फोनच्या चार्जरवर लॅपटॉप एक तर चार्जच होत नाही, नाही तर रात्रभर रखडतो. मग ‘सगळ्यांना एकच चार्जर’ या कायद्यातून मिळालं काय?

उत्तर : पोर्ट एकसारखा झाला, पण त्यातून वाहणारी वीज अजून प्रत्येक चार्जरगणिक वेगळी आहे. केबल जोडल्यावर सुरुवात नेहमी ५ व्होल्टपासून होते. मग चार्जर आपण काय काय देऊ शकतो ते कळवतो, उपकरण त्यातलं एक मागून घेतं आणि त्यानंतरच व्होल्टेज वाढतं. या बोलणीला यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणतात. तिच्यातले नेहमीचे टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. २७ वॅटपर्यंतच्या चार्जरला ९ व्होल्टच्या पुढे जाण्याची सक्ती नाही, आणि बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात. तिथेच बोलणी फिसकटते.

चार्जरवरची ‘आउटपुट’ची ओळ भिंग लावून का होईना, वाचा. तिथे ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असं असेल तर गुणाकार ६५ वॅट. लॅपटॉपसोबत आलेल्या मूळ अडॅप्टरचे वॅट याच्या आसपास असले, तर जोडी जमेल. चार्जरला दोन-तीन पोर्ट असतील तर वर छापलेले वॅट बहुधा एकच पोर्ट वापरल्यावर मिळणारे असतात. शेजारी फोन लावला की वाटणी होते आणि लॅपटॉपचा वेग पडतो.

केबलकडे लोकांचं लक्षच जात नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंत चालते. त्याहून जास्त हवे असतील तर केबलच्या टोकात एक छोटी चिप असावी लागते. ही केबल ५ अँपिअर पेलते, असं ती चार्जरला सांगते. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जरही मुकाट्याने ६० वर थांबतो. २०२१च्या सुधारित मानकाने ४८ व्होल्टपर्यंत, म्हणजे २४० वॅटपर्यंत मुभा दिली, पण त्यासाठी केबलवर ‘२४० वॅट’ लिहिलेलं हवं. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल लॅपटॉपसाठी घेऊच नका. तशा केबलमध्ये ५६ किलो-ओहमचा रेझिस्टर, म्हणजे किती वीज ओढायची हे उपकरणाला कळवणारा छोटा भाग, असायला हवा. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये १० किलो-ओहमचा बसवलेला आढळला आहे. मग उपकरणाला वाटतं की समोरून ३ अँपिअर मिळणार आहेत, ते तेवढे ओढू लागतं आणि जुना चार्जर तापतो.

आता कायदा. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांना टाइप-सी सक्तीचं केलं. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. उपकरण १५ वॅटपेक्षा जास्त वेगाने चार्ज होत असेल तर त्याला पॉवर डिलिव्हरी समजलीच पाहिजे, ही त्यातली अट पोर्टच्या आकारापेक्षा मोलाची आहे. कंपनीने स्वतःची जलद पद्धत ठेवली तरी परक्या चार्जरवर फोन अगदीच रांगत बसू नये, ही सोय या अटीने केली. एका बाजारपेठेचा नियम जगभर पसरला, कारण एकाच फोनची दोन वेगवेगळी तोंडं बनवणं कारखान्याला परवडत नाही. ॲपलने सप्टेंबर २०२३मध्ये, मुदतीच्या वर्षभर आधीच, आयफोन १५ला टाइप-सी दिलं.

प्रश्न : फोन रात्रभर चार्जिंगला ठेवल्याने बॅटरी खराब होते का? ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी फोनमधली मर्यादा खरोखर उपयोगी आहे का?

उत्तर : उपयोगी आहे. बॅटरी भरल्यावर फोन वीज घेणं थांबवतो, त्यामुळे ‘जास्त चार्ज’ होण्याची भीती नको. नुकसान होतं ते भरलेल्या स्थितीत तासन्‌तास राहिल्याने. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून जरा जास्त असतं. त्या ताणाखाली, विशेषतः उष्णतेत, आतलं द्रावण इलेक्ट्रोडशी हळूहळू विक्रिया करतं. दोनपैकी ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. तेवढी क्षमता पुन्हा मिळत नाही. म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा सुरू ठेवा, चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढा, उशीखाली फोन ठेवू नका. केबलशिवायच्या चार्जिंगमध्ये उष्णता जास्त निर्माण होते, तेव्हा घाई नसेल तर केबलच बरी. शून्य अंशाखाली चार्ज करणं टाळा. त्या थंडीत लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच धातू म्हणून साचतं. उपकरण महिनोन्‌महिने बाजूला ठेवायचं असेल तर निम्म्या चार्जवर, थंड जागी ठेवा.

बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग तत्काळ बंद. दाबू नका, टोचू नका. फोन बंद करून जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा संकलन केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकलेली बॅटरी कचरागाडीत चिरडली की पेट घेऊ शकते.

फोन विकत घेताना विचारा : बॅटरी किती चक्रं टिकते? चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० मिळून एक. युरोपीय संघाच्या २० जून २०२५पासूनच्या नियमानुसार फोनच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री संपल्यावर ७ वर्षं मिळाले पाहिजेत. १८ फेब्रुवारी २०२७पासून छोट्या उपकरणांची बॅटरी साध्या हत्यारांनी, उष्णता किंवा द्रावक न वापरता, वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असाही नियम येतो आहे. त्यात काही अपवाद ठेवलेले आहेत, त्यामुळे ‘बदलता येते’ हे दुकानदाराच्या शब्दावर मानू नका. उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा.

प्रश्न : पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिलंय. विमानात नेता येईल? आणि फोन तितक्या वेळा चार्ज का होत नाही?

उत्तर : विमानाचा हिशोब वॅट-तासांत असतो. एमएएचला (मिलिअँपिअर-तासांना) ३.७ने, म्हणजे आतल्या सेलच्या व्होल्टेजने, गुणा, १,०००ने भागा : ७४ वॅट-तास. मर्यादा साधारण १००ची आहे, म्हणजे चालेल. १०० ते १६०साठी विमान कंपनीची परवानगी लागते. पण कितीही छोटी असली तरी पॉवर बँक सोबतच्या पिशवीतच हवी. सामानाच्या कक्षात आग लागली तर तिथे कुणी पोचू शकत नाही. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडकू शकता. दुसऱ्या शंकेबद्दल : ते २०,००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले आहेत. ५ व्होल्टला तेच १४,८०० होतात, आणि व्होल्टेज चढवताना थोडं आणखी गळतं.

प्रश्न : विजेवरची गाडी घेताना एलएफपी बॅटरी घ्यावी की निकेलवाली? आणि या बॅटऱ्यांवरून देशांमध्ये एवढी चढाओढ का?

उत्तर : रोजचा प्रवास ठरावीक असेल तर आमचा कौल एलएफपीला. लोह आणि फॉस्फेटची ही बॅटरी तेवढ्याच वजनात कमी ऊर्जा साठवते, थंडीत जरा मंदावते, पण जास्त चक्रं टिकते आणि अतितापाला निकेलवालीपेक्षा उशिरा बळी पडते. लांबचा पल्ला किंवा कडक थंडी असेल तर निकेलवाली. वापरात एक फरक लक्षात ठेवा. निकेलवाली रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. एलएफपी मात्र उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, बहुतेकदा आठवड्यातून एकदा, १०० टक्के भरावी. तिचं व्होल्टेज बराच काळ ३.२च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. पूर्ण भरल्यावर तो पुन्हा जुळतो. हे न केल्याने ‘१५ टक्के दाखवत होतं आणि गाडी बंद पडली’ अशा तक्रारी येऊ शकतात.

चढाओढीचं मूळ असं : लिथियम-आयन बॅटरीतल्या कोबाल्टच्या इलेक्ट्रोडचं काम १९८०मध्ये ऑक्सफर्डला झालं, एलएफपीचं १९९०च्या दशकात टेक्सासमध्ये. दोन्हीमागे शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ. त्यांना, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारात पहिली लिथियम-आयन बॅटरी जपानच्या सोनीने १९९१मध्ये आणली. आणि आज एलएफपीचं जवळजवळ सगळं उत्पादन चीनमध्ये आहे. शोध एकीकडे, कारखाने दुसरीकडे. खाणीही पांगलेल्या : जगातलं निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून निघतं. चीनने १ डिसेंबर २०२३पासून ग्रॅफाइटच्या काही प्रकारांच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा इतर देशांच्या लक्षात आलं की लिथियमबद्दल बोलताना दुसऱ्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या, इलेक्ट्रोडचा विसर पडला होता.

युरोपचं उत्तर जुन्या बॅटऱ्यांचीच खाण करण्याचं आहे. ऑगस्ट २०३१पासून गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांमधल्या कोबाल्टपैकी किमान १६ टक्के, लिथियम आणि निकेलपैकी प्रत्येकी ६ टक्के वाटा पुनर्प्राप्त असला पाहिजे. फेब्रुवारी २०२७पासून अशा बॅटरीला डिजिटल पासपोर्टही लागेल. क्यूआर कोड स्कॅन केला की तिची घडण आणि क्षमता कळेल. वापरलेली गाडी घेणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. तोवर विक्रेत्याकडून बॅटरीचा ‘स्टेट ऑफ हेल्थ’, म्हणजे मूळ क्षमतेपैकी किती उरली हे सांगणारा, अहवाल मागा, आणि तो नसेल तर गाडी १०० टक्के भरून एकदा लांबवर चालवून बघा.